नकलांची तुलना : पोथीपासून विषाणूपर्यंत

गेल्या हिवाळ्यात चौदा शिक्षकांबरोबर तिकोण्याला गेले होते. कामशेतला उतरायचे, काळे कॉलनीवरून तिकोणा पेठ गाठायची आणि मग गड चढायचा, असा बेत होता. बालेकिल्ल्यावर बसलो असताना इतिहासाच्या एका सरांनी जून १६६५ च्या पुरंदरच्या तहाची गोष्ट काढली. या तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या किल्ल्यांत तिकोणाही होता. पण एकूण किल्ले किती दिले? तहाच्या कलमांप्रमाणे २३. सभासदाच्या बखरीत मात्र आकडा सत्तावीस. त्यावरून मूळ कागद, त्याच्या नकला, नकलांच्या नकला आणि त्यांतल्या चुका यांवर बोलणे सुरू झाले, ते गड उतरून पेठेत येईपर्यंत चालू राहिले.

पेठेत एका घराच्या पडवीत पिठले-भाकरीची वाट पाहत बसलो होतो. तेवढ्यात एका बाईंनी मला सरळच विचारले, "मॅडम, तुम्ही वैद्यकीय संशोधनात आहात म्हणता. पण तुम्ही रोगी तपासत नाही आणि परीक्षानळीही हातात धरत नाही. मग दिवसभर करता तरी काय?"

माझे काम बायोइन्फर्मॅटिक्सचे, मराठीत जैवमाहितीशास्त्राचे. हे नाव सांगून कोणाचेही समाधान होत नाही, हे वीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून मी उत्तर न देता एक खेळ मांडला. एका चिठ्ठीवर वाक्य लिहिले : 'तिकोण्यावर चढताना दम लागला तरी वरून पवनेचे पाणी पाहिले की शीण जातो.' दोन शिक्षकांना ती चिठ्ठी चार-पाच सेकंद दाखवली व आठवेल तसे लिहायला सांगितले. त्या दोघांनी आपापली चिठ्ठी आणखी दोघादोघांना तशीच दाखवली. त्या चौघांनी पुढच्या आठांना. शेवटच्या आठ चिठ्ठ्या सतरंजीवर पसरल्या आणि बाईंना म्हटले, "कोणाची नकल कोणावरून झाली, ते आता फक्त या चिठ्ठ्या पाहून सांगा."

पाच मिनिटांत त्यांनी बरेचसे सांगितले. चार चिठ्ठ्यांत 'तरी' हा शब्द गळलेला होता. चौघांनी वेगवेगळा तोच शब्द गाळणे कठीण, म्हणजे या चौघांचा पूर्वज एक. उरलेल्या चारांपैकी दोन चिठ्ठ्यांत 'पाहिले की' ऐवजी 'दिसले की' होते, तेव्हा त्या दोघी सख्ख्या. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बरोबर उतरलेल्या शब्दांनी काहीच कळत नाही, कारण ते सगळ्यांकडेच असतात. नाते सांगते ती दोघांत समान असलेली चूक.

पण 'शीण' हा शब्द तीन चिठ्ठ्यांत ऱ्हस्व लिहिलेला होता आणि त्या तिघी एका घरात बसेनात. एकीत 'तरी' गळलेला, दुसरीत 'दिसले', तिसरीत दोन्ही नाही. बाई थोड्या विचारात पडल्या आणि मग हसून म्हणाल्या, "ही चूक कोणीही करील. माझ्या वर्गात निम्मी मुले करतात." अगदी बरोबर. काही चुका इतक्या सहज होतात की त्या वेगवेगळ्या घरांत आपापल्या होतात. त्यांच्यावरून नाते जोडायचे नाही. हे एवढे ध्यानात आले की माझ्या कामाचा अर्धा अभ्यासक्रम झाला.

या खेळाचा भारतातला सर्वांत मोठा डाव पुण्यातच खेळला गेला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती करण्याचे काम हाती घेतले आणि ते १९६६ साली पुरे झाले. १९२५ पासून १९४३ मधील मृत्यूपर्यंत विष्णु सीताराम सुकथनकर या कामाचे प्रमुख संपादक होते. ते केंब्रिजला गणित शिकले आणि नंतर बर्लिनला भाषाशास्त्राकडे वळले. काश्मीरपासून मलबारपर्यंतच्या, शारदा, देवनागरी, बंगाली, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतल्या पोथ्या जमवून त्यांतले पाठभेद नोंदायचे होते. त्यासाठी चौकटी आखलेले खास कागद केले होते. वरच्या ओळीत एक श्लोक, एकेका चौकटीत एकेक अक्षर. खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ आणि ज्या अक्षरात फरक असेल ते अक्षर नेमके त्या चौकटीखाली. प्रशिक्षित शास्त्रीमंडळी वर्षानुवर्षे हे कागद भरत होती.

आज माझ्या संगणकाच्या पडद्यावर जे दिसते ते हेच असते. वर एक संदर्भ-क्रम, खाली एकेका रुग्णाची किंवा विषाणूची ओळ, अक्षराखाली अक्षर, आणि मधूनच वेगळे पडलेले एखादे अक्षर. साम्य वरवरचे नाही, तर्कच एक आहे. १९९८ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी चॉसर या मध्ययुगीन कवीच्या एका काव्यभागाची ५८ हस्तलिखिते घेतली आणि जीवजातींची वंशावळ काढणाऱ्या संगणक-कार्यक्रमांना खाऊ घातली. नकलांची वंशावळ त्यांतून निघाली. एका बाबतीत सुकथनकरांचे काम जास्त अवघड होते. लेखनिक एकाच वेळी दोन पोथ्या समोर ठेवून त्यांची सरमिसळ करीत, त्यामुळे सरळ वंशवृक्ष काढता येत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. काही विषाणूही हीच खोडी करतात. एका पेशीत दोन प्रकार शिरले की त्यांच्या जनुकीय मजकुराचे तुकडे एकमेकांत मिसळतात.

सजीवांचा मजकूर अक्षरांत लिहिता येतो ही कल्पना आता शाळेच्या पुस्तकातही आहे. पण ती अक्षरे कोणीतरी ठरवावी लागली. प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. पूर्वी त्यांची नावे तीन-तीन अक्षरी संक्षेपात लिहीत. अमेरिकेतल्या मार्गारेट डेहॉफ या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात प्रथिनांचे क्रम संगणकात भरायला सुरुवात केली, तेव्हा त्या काळच्या संगणकाच्या तुटपुंज्या जागेत तीन अक्षरे ही चैन होती. त्यांनी प्रत्येक अमिनो आम्लाला एकच रोमन अक्षर दिले. ल्युसिनला 'एल' मिळाला. लायसिनचे आद्याक्षर तेच, पण ते आधीच गेलेले, म्हणून वर्णमालेतला शेजारी 'के'. अर्जिनिनच्या उच्चारात 'आर' ठळक ऐकू येतो म्हणून त्याला 'आर'. ही अक्षरे लक्षात ठेवा, पुढे ती आपल्याच वर्तमानपत्रांत भेटणार आहेत.

१९६५ साली डेहॉफबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वेळी ठाऊक असलेल्या ६५ प्रथिनांच्या क्रमांचा संग्रह पुस्तकरूपाने काढला. इतरांनी प्रयोगशाळेत खपून काढलेले क्रम गोळा करायचे, तपासायचे आणि छापायचे, याला संशोधन कसे म्हणावे, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडत असे. पण क्रम शेजारी शेजारी मांडल्याशिवाय त्यांतले नाते दिसत नाही. कोणते अमिनो आम्ल कोणत्याने सहज बदलले जाते आणि कोणते सहसा बदलत नाही, याचे कोष्टक त्यांनी अशा तुलनेतूनच काढले. कोणती चूक 'कोणीही करील' अशी आहे, हे ते कोष्टक सांगते.

पुढच्या टप्प्यांवर मी रेंगाळत नाही. १९७७ साली फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने एका जिवाणूभक्षक विषाणूचा, फाय-एक्स १७४ चा, ५,३७५ अक्षरांचा डीएनए वाचला. डीएनए तुकड्यातुकड्यांनी वाचला जातो, तेव्हा फाटलेल्या पत्रासारखे तुकडे जुळवायला त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या रॉजर स्टॅडन यांनी संगणक-कार्यक्रम लिहिले. १९८२ साली अमेरिकेत जेनबँक हा सार्वजनिक साठा सुरू झाला. त्या वर्षाच्या डिसेंबरच्या आवृत्तीत ६०६ क्रम होते आणि एकूण अक्षरे ६,८०,३३८. एखाद्या जाडजूड कादंबरीत मावतील इतकी. आज तेथील अक्षरांची मोजणी लाख कोटींत करावी लागते.

आता पुण्याकडे येऊ. भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ साली स्थापन झाला आणि लगेच त्याने देशभरात जैविक माहितीची केंद्रे जोडण्याचे ठरवले. अशा जाळ्याचा विचार तेव्हा फार थोड्या देशांनी केला होता. त्यातले एक केंद्र १९८७ मध्ये पुणे विद्यापीठात, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात सुरू झाले. त्याची उभारणी अशोक कोळसकर यांनी केली. ते मूळचे प्रथिनांच्या आकारमानाच्या गणिताचे माणूस. जी. एन. रामचंद्रन यांच्याबरोबर त्यांनी १९७३ साली शोधनिबंध लिहिला होता. पुढे हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात असताना जिवाणूंच्या डीएनएमधला नेमका कोणता भाग प्रथिनाचा मजकूर आहे, हे संगणकाने ओळखण्याची पद्धत त्यांनी १९८५ मध्ये मांडली. पुण्याच्या केंद्राने प्राण्यांच्या विषाणूंची माहिती हा विषय विशेष म्हणून घेतला. राष्ट्रीय विषाणू संस्था याच गावात असल्यामुळे ही निवड सयुक्तिक होती.

१९९० साली कोळसकर आणि टोणगावकर यांचा एक छोटासा, जेमतेम तीन पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. प्रश्न असा होता : विषाणूचे प्रथिन हा शेकडो अमिनो आम्लांचा लांब दोरा. त्यातला कोणता तुकडा आपल्या रक्तातली प्रतिपिंडे ओळखतात? तो आधी कळला, तर निदानाच्या चाचण्या आणि लशी यांचे काम सोपे होईल. प्रयोगाने शोधायचे तर प्रत्येक प्रथिनामागे काही महिने जातात. या दोघांनी प्रयोगाने आधीच ठाऊक झालेले असे तुकडे निबंधांतून वेचून एकत्र केले आणि प्रत्येक अमिनो आम्ल त्यांत किती वेळा येते ते मोजले. त्यावरून आणि प्रथिनाच्या पृष्ठभागावर ते किती आढळते यावरून वीस अमिनो आम्लांना वीस आकडे दिले. सिस्टिनला १.४१२, व्हॅलिनला १.३८३, ल्युसिनला १.२५०, आणि तळाला अस्परजिनला ०.७७६.

पद्धत इतकी सोपी आहे की आठवीच्या वर्गात फळ्यावर करता येईल. सात अमिनो आम्ले घ्या : व्हॅलिन, ल्युसिन, लायसिन, अस्परजिन, ग्लायसिन, सिस्टिन, व्हॅलिन. त्यांचे आकडे १.३८३, १.२५०, ०.९३०, ०.७७६, ०.८७४, १.४१२, १.३८३. बेरीज ८.००८, सरासरी १.१४४. ती सातांतल्या मधल्या आम्लाच्या नावे लिहायची, एक घर पुढे सरकायचे आणि पुन्हा सरासरी काढायची. जेथे सलग सहा-आठ घरे एकाच्या वर राहतात तेथे प्रतिपिंडे बसण्याचा संभव जास्त. बरोबर ठरण्याचे प्रमाण सुमारे ७५ टक्के, असे लेखकांनी लिहिले. निबंध जगभर वापरला गेला आणि आजही अनेक संगणकीय साधनांत ही पद्धत त्यांच्या नावानेच दिलेली असते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००५ साली दोन ब्रिटिश संशोधकांनी अशा आकडे-पद्धतींची, एक-दोन नव्हे तर ४८४ कोष्टकांची, कसून परीक्षा घेतली. निष्कर्ष असा निघाला की अमिनो आम्लांना ठरीव आकडे देऊन केलेला अंदाज नाणे उडवण्यापेक्षा फारसा चांगला नसतो. मला विचाराल तर यात १९९० च्या लेखकांना कमीपणा नाही. त्यांच्या हाती होते तेवढ्या तुकड्यांवरून त्यांनी आकडे काढले, ते उघडपणे छापले आणि म्हणून तर ते पुढे तपासता आले. पण विद्यार्थी अजून ती पद्धत डोळे मिटून वापरतात आणि प्रबंधात रंगीत आलेख लावतात, त्याचे मात्र वाईट वाटते.

अडचण कोठे होती, हे पुण्याच्या गटाच्याही लक्षात आले होतेच. प्रथिनाचा दोरा सरळ नसतो, तो गुंडाळलेला असतो. प्रतिपिंड ज्या जागी बसते तेथे दोऱ्याचे दूरदूरचे भाग घडी पडून शेजारी आलेले असतात. कागदाच्या होडीवर बोट ठेवा आणि मग होडी उलगडा. बोटाखालचे ठिपके कागदावर दूरदूर सापडतील. म्हणून नुसता क्रम पुरत नाही, आकार लागतो.

कोळसकर आणि ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी १९९९ साली जपानी मेंदूज्वराच्या विषाणूबाबत हे करून दाखवले. १९५५ मध्ये वेल्लोरच्या परिसरात भारतात प्रथम ओळखला गेलेला हा रोग डासांमार्फत पसरतो आणि मुख्यतः मुलांना होतो. जी वाचतात त्यांतल्या अनेकांच्या मेंदूला कायमची इजा राहते. या विषाणूच्या बाह्य कवचातील प्रथिनाचा क्रम ठाऊक होता, आकार ठाऊक नव्हता. मात्र त्याच्या एका चुलत्याच्या, गोचिडीमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूच्या, त्याच प्रथिनाचा आकार १९९५ साली क्ष-किरणांनी निश्चित झाला होता. दोन्ही क्रम अक्षराखाली अक्षर मांडायचे, साम्य असेल तेथे चुलत्याचा सांगाडा उसना घ्यायचा, फरक असेल तेथे भौतिकीच्या नियमांनी जुळवायचा, असे करून त्यांनी संगणकात प्रथिन उभे केले आणि त्याच्या पृष्ठभागावर प्रतिपिंडे बसण्याच्या जागा दाखवल्या. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूतील या प्रथिनाचा प्रयोगाने ठरवलेला आकार २०१२ साली प्रसिद्ध झाला. मधली तेरा वर्षे अंदाजावर काम भागवावे लागले. या अनुभवातून आकारावरून जागा शोधणारे साधन तयार झाले आणि २००५ मध्ये ते कोणालाही वापरण्यासाठी खुले केले गेले.

एवढा इतिहास पडवीत सांगून होईपर्यंत भाकरी आली. पण बाईंचा मूळ प्रश्न राहिलाच होता : मी दिवसभर करते काय?

माझे काम बहुतांशी दुसऱ्याच्या प्रश्नांसाठी असते. डॉक्टर किंवा जीवशास्त्रज्ञ नमुना पाठवतात. यंत्र डीएनएचे दीडदीडशे अक्षरांचे तुकडे वाचते. माणसाच्या जनुकसंचाची सुमारे ३१० कोटी अक्षरे प्रत्येकी तीस वेळा वाचायची म्हटले तर असे ६० कोटींहून जास्त तुकडे हाती येतात. ते संदर्भ-क्रमावर बसवायचे आणि फरक काढायचे. कोणाही माणसात असे फरक ४० ते ५० लाख निघतात. त्यांतले जवळजवळ सगळे निरुपद्रवी, आपल्या 'शीण'च्या वेलांटीसारखे. एखादाच रोगाचे मूळ असतो. तो शोधायचा, पण त्याआधी दहा वेळा विचारायचे, की हा फरक खरा की यंत्राची चूक, आणि खरा असेल तर याच रुग्णाचा ना?

हा शेवटचा प्रश्न मी एकदा वेळेवर विचारला नाही. एका रुग्णालयाकडून लहान मुलांचे बारा नमुने आले होते. दोन दिवस मी विश्लेषण चालवले, एका मुलीच्या नमुन्यात संशयास्पद फरकही सापडला आणि मी अहवालाचा मसुदा लिहायला बसले. तिसऱ्या दिवशी सहज म्हणून वाय गुणसूत्रावर किती तुकडे बसले ते पाहिले. मुलीच्या नमुन्यात ते भरपूर होते! दोन नळ्यांच्या चिकटपट्ट्या बदलल्या गेल्या होत्या. कोठे, ते शेवटपर्यंत कळले नाही. नमुने पुन्हा मागवावे लागले आणि अहवाल तीन आठवडे लांबला. तेवढे दिवस दोन कुटुंबे वाट पाहत बसली. वाय गुणसूत्र मोजायला दहा मिनिटे लागतात. तेव्हापासून ती मोजणी मी सर्वांत आधी करते.

काही चुका तर हास्यास्पद असतात. 'सेप्ट२' आणि 'मार्च१' अशी नावे असलेली जनुके होती. नेहमीच्या हिशेबाच्या संगणक-तक्त्यात ती भरली की तक्ता त्यांना तारखा समजतो आणि २ सप्टेंबर, १ मार्च असे करून टाकतो. २०१६ साली केलेल्या पाहणीत, असे तक्ते जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत ही चूक सापडली. शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनीच हात टेकले आणि जनुकांची नावे बदलली!

हे काम वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आले ते मार्च २०२१ मध्ये, आणि तेही महाराष्ट्राच्या संदर्भात. जानेवारीपासून विदर्भात आणि मग राज्यभर कोविडचे रुग्ण वाढू लागले होते. डिसेंबर २०२० मध्ये देशातल्या दहा प्रयोगशाळांचा एक संघ विषाणूचे क्रम वाचण्यासाठी उभा राहिला होता. त्यांपैकी दोन पुण्यातल्या, राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. या विषाणूचा मजकूर सुमारे २९,९०० अक्षरांचा. रुग्णाच्या नाकातून घेतलेल्या नमुन्यातून तो वाचायचा आणि वूहानच्या पहिल्या क्रमाखाली मांडायचा.

२४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन बदल एकत्र दिसत आहेत : ई४८४क्यू आणि एल४५२आर. येथे डेहॉफबाईंची अक्षरे आली. एल४५२आर म्हणजे काटेरी प्रथिनातल्या ४५२ व्या जागी ल्युसिन जाऊन अर्जिनिन आले. मानवी पेशीला चिकटणारा भाग तो हाच. वृत्तपत्रांनी याला 'डबल म्युटंट' असे नाव दिले. नाव फसवे होते, कारण त्या विषाणूत बदल दोन नव्हे, डझनाच्या वर होते. शिवाय एल४५२आर हा बदल त्याआधी कॅलिफोर्नियात पसरलेल्या एका वेगळ्याच घराण्यातही झालेला होता. म्हणजे ही 'कोणीही करील' अशातली चूक. तिच्यावरून महाराष्ट्राचा विषाणू अमेरिकेतून आला, असा निष्कर्ष काढणे म्हणजे 'शिण' लिहिणारे तिघे एकमेकांचे पाहून लिहीत होते म्हणण्यासारखे.

राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या सारा चेरियन, प्रज्ञा यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या या क्रमांचा अभ्यास २०२१ मध्येच प्रसिद्ध केला. वंशवृक्ष काढल्यावर दिसले की बी.१.६१७ या घराण्यात भावंडे आहेत. पहिल्यात ई४८४क्यू होता. दुसऱ्यात तो नव्हता, त्याच्याऐवजी टी४७८के होता. एल४५२आर आणि पी६८१आर दोघांतही होते. प्रथिनाच्या आकारावर हे बदल बसवून, पेशीला चिकटणे वाढेल का, प्रतिपिंडांची पकड सुटेल का, याचा अंदाजही त्यांनी मांडला. १९९९ चा मार्ग तोच, विषाणू नवा.

आणि खरी गंमत, जर तिला गंमत म्हणता येत असेल तर, ही की ज्या बदलाचा एवढा गाजावाजा झाला तो ई४८४क्यू ज्याच्यात नव्हता, तेच दुसरे भावंड जगभर पसरले. ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने त्याला डेल्टा हे नाव दिले. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे काय झाले ते वाचकांना सांगायला नको.

हे आधी कळू शकले असते का? या घराण्याचे पहिले नमुने ऑक्टोबर २०२० चे आहेत. बाधितांपैकी पाच टक्क्यांचे नमुने वाचायचे उद्दिष्ट होते, प्रत्यक्षात एक टक्काही वाचले जात नव्हते. माझ्या मते यंत्रांची कमतरता हे त्याचे एकच कारण नव्हते. नमुना कोणत्या तारखेचा, कोणत्या तालुक्यातला, रुग्णाने लस घेतली होती का, ही माहिती सोबत नसेल तर क्रम वाचूनही वंशवृक्षावर तो नुसता लटकत राहतो. जुन्या लेखनिकाने पोथीच्या शेवटी पुष्पिका लिहून शक, तिथी आणि गाव नोंदले असेल तर संपादकाला केवढा आनंद होतो! आमची पुष्पिका म्हणजे नमुन्याबरोबरचा तो एक फॉर्म. तो भरणारा माणूस तालुक्याच्या आरोग्य केंद्रात असतो, बारा तास काम करून दमलेला असतो आणि तो फॉर्म पुढे कोणाच्या काय उपयोगी पडणार आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

वर्गात हा खेळ करायचा असेल तर वाक्य बारा-पंधरा शब्दांचे घ्यावे. फार सोपे घेतले तर चुका होत नाहीत, फार अवघड घेतले तर प्रत्येक चिठ्ठी वेगळीच होते आणि नाते हरवते. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे क्रमांक घालावा व कोणी कोणावरून लिहिले त्याची यादी आपल्याजवळ झाकून ठेवावी. मुलांनी वंशवृक्ष काढल्यावरच ती उघडावी.

आमच्या चौदा चिठ्ठ्या मी घरी आणल्या. मोजल्या तर तेराच भरल्या. मधल्या फळीतली एक, 'तरी' गाळणाऱ्या घरातली, पेठेत नाही तर बसमध्ये पडली असावी. तिच्या दोन नकला माझ्याजवळ आहेत. दोघींत 'तरी' नाही, म्हणजे हरवलेलीतही तो नव्हता. पण एकीत 'पवनेचे पाणी' आहे आणि दुसरीत 'पवनाचे पाणी'. हरवलेल्या चिठ्ठीत काय असेल? माझ्या मूळ चिठ्ठीत 'पवनेचे' होते आणि उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्यांतही तेच आहे.